मिस्टर काय करतात?



अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक छोटा नियम आहे. शेजाऱ्याला काही उसनं दिलं आणि त्याबदल्यात गहाण घ्यायचं असेल, तर देणाऱ्यानं त्याच्या घरात शिरायचं नाही. बाहेर थांबायचं. गहाण काय ठेवायचं ते घेणारा स्वतः आतून आणून देईल. वचनं १० आणि ११. पुढं सतराव्या वचनात विधवेचं वस्त्र गहाण ठेवून घेऊ नका, अशीही आज्ञा आहे. आम्हाला ही वचनं जोडीनं वाचायला आवडतात. गरजवंताचं घर लहान असो, रिकामं असो, आत काय आहे हे दाखवायची सक्ती त्याच्यावर नाही, एवढं तरी त्यांत राखलेलं आहे.

भाड्याची खोली बघायला जाणाऱ्या एकट्या आईला मात्र घर मिळण्याआधीच आपला सगळा संसार दुसऱ्याच्या दारात मांडून दाखवावा लागतो.

आम्ही चौघी बेळगावातल्या एकाच धर्मग्रामातल्या. एक विधवा, दोघी नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, आणि एक जिचं लग्न झालेलं नाही पण मुलगी आहे. आजाऱ्यांच्या भेटी, नाताळची सजावट अशा कामांत ओळख झाली आणि मग एकमेकींबरोबर खोल्या बघायला जाऊ लागलो. वडगाव, शहापूर, टिळकवाडी, अनगोळ, कॅम्प. दारावरची 'टू-लेट'ची पाटी असो की 'मने बाडिगेगे इदे', आम्ही दोघी-दोघी आत जातो. दोघी गेलं की समोरच्याचा सूर थोडा बदलतो, हा आमचा अनुभव. एकटीला लोक प्रश्न विचारतात, दोघींशी बोलतात.

पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी तोच. "मिस्टर काय करतात?" भाडं किती, माणसं किती हे सगळं त्यानंतर. विधवा म्हटलं की आधी हळहळ, पाण्याचा तांब्या पुढं येतो, आणि पाचएक मिनिटांनी "मग येणारं-जाणारं कोण असतं?" वेगळी राहते म्हटलं की हळहळ नाहीच. आडनाव कळलं की आणखी एक प्रश्न वाढतो: मांसाहार चालणार नाही हं. आणि कधीकधी, तुमच्यात पार्ट्या फार असतात ना? आमच्यातली एक नर्स आहे, सकाळी पाचला उठते आणि रात्री साडेनऊला तिचे डोळे मिटतात. तिला हा प्रश्न विचारला की आम्हाला हसू आवरत नाही.

आमच्या धर्मग्रामात दोन मुलींना एकट्यानं वाढवणारा एक बापही आहे. त्याला "बिचारा" म्हणतात आणि मग विचारतात, मुलींजवळ दिवसभर कोण? तोही रिकाम्या हातानं परततो. पण त्याच्या चालीबद्दल कुणी काही बोलत नाही, एवढा फरक आहे.

फिरून फिरून आम्हाला जे कळलं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

मूल बरोबर न्यावं. पहिल्या खेपेला लपवून दुसऱ्या खेपेला आणलं तर मालकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि मुलालाही कळतं की आपल्याला लपवलं होतं. पण पोट भरून न्यावं. दुपारी चार वाजता शाळेतून आलेलं उपाशी पोर कुणाच्याही पायरीवर शहाण्यासारखं वागत नाही, मग त्यावरून आईचे संस्कार मोजले जातात. चपला रांगेत काढायला घरीच सांगून ठेवावं. कुंद्याचा डबा नेऊ नये. आमच्यातल्या एकीच्या आईनं तो आग्रहानं दिला होता, आणि मालकीणबाईंनी तो असा बाजूला ठेवला की जणू लाचच. खोली ठरल्यावर कुंदा न्यावा, तेव्हा तो गोड लागतो.

कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत असावेत: आधार कार्ड, पगाराची स्लिप किंवा बँकेचं पासबुक, आधीच्या घराच्या भाड्याच्या पावत्या. पावत्या सगळ्यांत मोलाच्या. वेळेवर भाडं दिल्याचे बारा कागद जे सांगतात ते आपण तासभर बोलूनही सांगू शकत नाही. म्हणून आत्ता जिथं राहता तिथं दर महिन्याला पावती मागून घ्या, मालक ओळखीचे असले तरी. फादरांचं पत्र आपल्या माणसांकडे चालतं. इतर ठिकाणी ते पुढं केलं तर आडनावाचा विषय मुद्दाम उघडल्यासारखं होतं, तिथं कामाच्या जागेचं पत्र बरं.

आणि मिस्टरांचं उत्तर? आम्ही ते तीन वाक्यांत बसवलं आहे. मी आणि माझा मुलगा, दोघंच राहणार. पगार पाच तारखेपर्यंत होतो, भाडं सातच्या आत देईन. माझा भाऊ महिन्यातून एकदा खानापूरहून येतो, त्याची ओळख करून देईन. बस्स. त्यापुढं कुणी खोदलं तर "ते आमच्यात नाहीत" किंवा "आम्ही वेगळे राहतो" एवढंच, आणि लगेच आपला प्रश्न: पाणी किती दिवसांनी येतं? बेळगावात हा प्रश्न विचारला की मालक सगळं विसरून राकसकोप धरणापासून सुरुवात करतो. हे थोडं गमतीनं लिहितो आहोत, पण खोटं नाही. ज्या घरात पाणी चार दिवसांनी येतं आणि साठवायला टाकी नाही, त्या घरात नोकरी करणाऱ्या एकट्या बाईचे हाल कुत्रा खात नाही. बघायला आपणही आलो आहोत, हे विसरू नये. न्हाणीघराची कडी आतून लागते का, जिन्यात दिवा आहे का, दुसरी किल्ली कुणाकडे राहणार, हे विचारावंच. किल्लीच्या प्रश्नावर जो मालक चिडतो त्याची खोली आम्ही सोडून देतो.

आता जे लिहायचं आहे ते आमच्यातल्या एकीच्या परवानगीनं.

गेल्या पावसाळ्यात एका दलालानं तिला जिन्यातच सल्ला दिला. "दुबईला असतात म्हणा. हितं अर्ध्या घरांतली माणसं बाहेरच असतात. कोण बघायला जातंय?" आणि ते बरोबरच होतं. आमच्या भागात, खानापुरात, गोव्यात, कुणाचा नवरा बोटीवर, कुणाचा आखातात. हे उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येत नाही, उलट भाडं नक्की मिळणार म्हणून मालक खूश होतो. पण तिचा सात वर्षांचा मुलगा हात धरून उभा होता. ती म्हणाली, "नको. उद्या मालकीणबाई ह्याला विचारतील, पप्पा दुबईहून काय आणणार? मग ह्यानं काय सांगायचं?"

वर जाऊन तिनं खरं ते सांगितलं. मालकीणबाईंनी चहा दिला, मुलाला शाळेचं विचारलं, त्याचं अक्षर छान आहे म्हणाल्या. संध्याकाळी फोन आला की नातेवाईकांना खोली हवी आहे, वाईट वाटून घेऊ नका. त्यानंतर दोन आठवडे आम्ही त्या रस्त्यानं जात होतो आणि पाटी तिथंच होती. मुलगा वाचायला नुकता शिकलेला. त्यानं विचारलं, "आपण खरं सांगितलं म्हणून नाही दिली?"

ती म्हणाली, "हो."

आमच्यात यावर पुष्कळ बोलणं झालं. एकीचं म्हणणं, पोरांच्या डोक्यावर छप्पर हवं, देव एवढ्याशा शब्दावरून धरून बसणार नाही. तिचं म्हणणं आम्हाला हलकं वाटत नाही, पावसात सामान टेम्पोत चढवलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते वाटणार नाही. पण हे खोटं एकदा बोलून संपत नाही, ते रोज जगावं लागतं, आणि त्यातला अर्धा भार मुलानं उचलायचा असतो. शाळेच्या फॉर्मवर एक, मालकीणबाईंपुढं दुसरं, मिस्सेनंतर तिसरं. सात वर्षांच्या मुलाला आपल्या बापाबद्दल इतकं काही लक्षात ठेवायला लावणं आम्हाला पटत नाही.

अशा वेळी आम्ही हागारकडे जातो. उत्पत्ती, अध्याय १६. पोटात मूल, बरोबर कुणी नाही, शूरच्या वाटेवर एका झऱ्यापाशी बसलेली. देवाचा दूत तिला दोनच गोष्टी विचारतो: कुठून आलीस आणि कुठं चाललीस. हागार पहिल्याचं उत्तर जसं आहे तसं देते, मालकिणीपासून पळून आले. दुसऱ्याचं उत्तर तिच्याकडे नाही आणि ती बनवूनही सांगत नाही. हीच बाई पुढं देवाला नाव देते, एल-रोई, बघणारा देव. मात्र त्या झऱ्यापाशी तिला नवं घर मिळालं नाही. तिला सारायकडेच परत जायला सांगितलं. ती आज्ञा आम्हाला आजही जड जाते, आणि ती गोड करून सांगणं आमच्यानं व्हायचं नाही.

कागदांबद्दल थोडं, कारण बायकांना नको ती भीती घातली जाते. भाडेकरारावर सही करायला नवरा लागत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार करार करणारी व्यक्ती सज्ञान आणि मनानं शुद्धीवर असली आणि दुसऱ्या कुठल्या कायद्यानं तिला मनाई नसली, म्हणजे झालं. घटस्फोटाचा कागद मागणारे मालक भेटतात, त्यांना शांतपणे हेच सांगावं. करार अकरा महिन्यांचा का, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, ती टाळायला. अकरा महिन्यांनी आपल्याला काढायचंच ठरलंय असा त्याचा अर्थ नाही. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं आदर्श घरभाडे कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, आणि मालकाला आत यायचं तर चोवीस तास आधी कळवावं, सूर्यास्तानंतर येऊ नये, असं लिहिलं आहे. राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय हे बंधनकारक होत नाही, त्यामुळे मालकापुढं भांडायला ते उपयोगी नाही. पण वाचताना आम्हाला अनुवादाचा तोच उंबरा आठवला.

आणि ज्या बहिणीचं लग्न झालेलं नाही तिच्यासाठी: ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका अविवाहित ख्रिस्ती आईच्याच प्रकरणात निकाल दिला की मुलाचं पालकत्व मिळवताना बापाचं नाव उघड करायला किंवा त्याला नोटीस द्यायला तिला भाग पाडता येणार नाही. पासपोर्टलाही २०१६ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या नियमांनुसार आई किंवा वडील, एकाचं नाव पुरतं. देशाबाहेर जायला एक नाव पुरतं. वडगावात मागची खोली घ्यायला दोन लागतात.

आता एक गोष्ट घरातलीच. आपल्या धर्मग्रामातही घरमालक आहेत. मागची खोली, माडी, गेलेल्या मुलाचा रिकामा फ्लॅट. त्यांनाही हाच प्रश्न ओठावर येतो, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नसते, भाडं बुडवून गेलेले भाडेकरू त्यांनीही पाहिले आहेत. पण सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढं बसवायचं आणि मळक्या कपड्यांतल्याला उभं ठेवायचं, ही गोष्ट याकोबानं आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात घरमालकांना नव्हे, मंडळीला लिहिली आहे. पावत्या बघा, पगार बघा, आधीच्या मालकाला फोन करा, हे सगळं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मुलासमोर त्याच्या बापाचं तेवढं विचारू नका. हवंच असेल तर आम्हाला बाजूला घ्या, मूल अंगणात खेळत असताना विचारा, आम्ही सांगू.

मिस्सेनंतर मागच्या दाराजवळच्या फळ्यावर आता एक कागद लावतो आहोत. ज्यांच्याकडे खोली आहे त्यांनी पत्ता, भाडं आणि पाण्याची सोय एवढं लिहावं. ज्यांना हवी आहे त्यांनी नाव लिहू नये, आमच्यापैकी कुणालाही भेटावं, बरोबर येतो.

त्या मुलाला आणि आईला अजून खोली मिळालेली नाही. शनिवारी दुपारी अनगोळला एक बघायची आहे, दुसरा मजला, पाणी खालून चढवावं लागतं म्हणे, पण जिन्यात दिवा आहे. आमच्यापैकी दोघी जाणार आहोत. मुलगा जेवून येणार आहे.