कारंजा लाड : बाजारापलीकडचं गाव

लहानपणी वडिलांबरोबर कापसाच्या बंडीवर बसून मी कारंज्याला येत असे. ते एकाधिकार खरेदीचे दिवस होते. बंड्यांची रांग लांबच लांब लागायची. रात्र बैलांजवळ काढायची, सकाळी माप व्हायचं, पावती खिशात पडली की घराकडे परत. वडिलांचा जन्म या बाजारात गेला, पण वेशीच्या आतलं गाव त्यांनी कधी निवांत पाहिलं नाही.

पुढं मी शेतकी खात्यात लागलो. मेळाव्यासाठी कारंज्याला आलो, तेव्हा एका म्हाताऱ्या दुकानदारानं मला टोकलं, "साहेब, बाजार पायला, गाव काऊन नाई पायलं?" मग त्याच्याच मागं मी निघालो.

दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस अशा चार वेशींचं हे जुनं गाव. करंज ऋषींवरून कारंजा नाव पडलं, असं सांगतात. पुढचा 'लाड' शब्द गुजरातेकडच्या लाट देशातून आलेल्या लाड व्यापाऱ्यांचा. राजस्थानाकडून बघेरवाल जैन आले. मुसलमान कारागीर आणि व्यापारीही इथंच नांदले. कापूस, कापड आणि सावकारी यांवर गाव वाढलं. एका धनवंतानं हवेली बांधताना चुन्यात कस्तुरी कालवली, ही गोष्ट इथं अजून रंगवून सांगतात.

गावाची श्रीमंती दूरवर ठाऊक होती. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर 1670 च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंज्यावर छापा घातला. सोनं, चांदी आणि उंची कापड हजारो बैलांवर आणि गाढवांवर लादून नेल्याच्या नोंदी आहेत. वऱ्हाडातल्या एका गावात किती माल असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

पण माल लुटला जातो. टिकतं ते वेगळंच. चौदाव्या शतकात इथल्या काळ्यांच्या घरी नरसिंह सरस्वतींचा जन्म झाला. ते लहानपणीच घर सोडून गेले, पण दत्तभक्तांसाठी गाव कायमचं तीर्थ झालं. आजचं गुरुमंदिर 1934 चं. जैन मंदिरांमधून भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि त्यांच्याजवळ हस्तलिखितांची भांडारं होती. पुष्पदंत कवीची दहाव्या शतकातली अपभ्रंश काव्यं इथल्या पोथ्यांत जपलेली निघाली. डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी ती 1931 पासून कारंजा जैन ग्रंथमालेतून छापून जगापुढं आणली. शेकडो वर्षं वाळवीपासून आणि ओलीपासून त्या पोथ्या कुणी जपल्या? तिथल्याच साध्या माणसांनी. आपण बियाणं जपतो, तसं.

इंग्रजांच्या काळात अडीच फुटी रुळांची गाडी आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ही 'शकुंतला' कारंज्यावरून जायची. या मुलखातला कापूस रुळावरून मुंबईकडं आणि पुढं मँचेस्टरकडं जाई. वाफेचं इंजिन 1994 पर्यंत चाललं. नंतर डिझेल आलं आणि पुढं गाडीच थांबली. रानात मात्र कापसाची जागा बरीचशी सोयाबीननं घेतली. 1998 ला वाशीम जिल्हा झाला, तेव्हा कारंजा अकोल्यातून वाशीमकडं आलं. आता शेजारून समृद्धी महामार्ग जातो. त्यावरची मोटार कारंज्याची पाटी बघते आणि भुर्रकन पुढं निघते.

मागल्या वर्षी मुलीला घेऊन मी दिल्ली वेशीशी उभा राहिलो. चिरा सुटलेल्या, फटीतून पिंपळ उगवलेला. तिनं विचारलं, "आजोबा इथनं बंडी नेत होते का?" मला उत्तर देता आलं नाही. वडील हयात असताना मी कधी विचारलंच नव्हतं.

बंधूंनो, पिंपळाचं रोप कोवळं असतानाच काढावं लागतं. एकदा मूळ आत गेलं की दगड फुटतो. गावाच्या आठवणींचंही तसंच आहे. विचारायचं ते म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्यावं. पुढच्या खेपेला सोयाबीन विकून झालं की पावती खिशात ठेवा, पोरांचा हात धरा आणि तासभर वेशीच्या आत चालून या. आजोबा सोबत असतील तर त्यांना पुढं चालू द्या.