चांदूर रेल्वेचे उडते इंजिन

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. पाहुण्याने नुसतेच ‘चांदूर’ म्हणून चौकशी केली, तर तो संत्र्यांच्या मुलखात जाऊन पोहोचायचा आणि यजमान इकडे स्टेशनवर वाट पाहत बसायचे! 1867 साली नागपूर गाठणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचा रूळ या गावावरून गेला आणि गावाने रेल्वे हेच आपले आडनाव करून टाकले. पुढे नरखेडच्या मार्गामुळे चांदूर बाजारलाही आगगाडी मिळाली. पण आडनावे होती तशीच राहिली. एक शब्द जोडला आणि दोन्ही चांदुरांचे भांडण मिटले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

गेल्या डिसेंबरात बडनेऱ्याला उतरून मी नागपूरकडे जाणारी गाडी धरली. मालखेडच्या आसपास रुळांच्या आजूबाजूला टेकड्या आणि रान लागते. ते मागे पडले, की काळी जमीन आणि तिच्यावर पांढरीशुभ्र फुटलेली पऱ्हाटी. माझी मावसबहीण या गावात नांदते. ताईच्या हातचे रोडगे आणि वांग्याची भाजी यांपुढे मुंबईची सगळी हॉटेले फिकी! जेवण आटोपून मी ओसरीवर टेकलो, तोच भाऊजींनी आपले गाऱ्हाणे मांडले.

“तुम्ही शिकलेसवरलेले. पोराले दोन शब्द सांगा. कॉलेजातून आला का त्या डब्ब्यासमोर बसून रायते. सोताचा गेम बनवत असता तं गोष्ट अलग. दुसऱ्याच्या गेमात हा खिळे ठोकत बसते, अन् दाम एका पैशाचा नाही!”

भाचा आतून हे ऐकत होता. तो हसला नाही, की रागावलाही नाही. नुसता म्हणाला, “मामा, तुम्ही आधी पाहा तं खरं.”

त्या खेळाचे नाव स्कायरिम. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतला हा पाचवा खेळ अमेरिकेतल्या बेथेस्डा या कंपनीने 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आणला. बर्फाच्या डोंगरांचा एक कल्पित देश. त्यात नगरे, गुहा, जादूगार आणि आकाशातून आग ओकत येणारे ड्रॅगन. खेळणाऱ्याने हवे ते रूप घ्यावे आणि हवे तिकडे भटकावे. हे झाले कंपनीचे काम. पण खेळणाऱ्यांनी आपल्या हौसेने त्यात जे फेरफार केले, नवे गाव बसवले, नवा सोबती दिला, पावसाचा रंग बदलला, त्यांना म्हणतात मॉड.

“आता वर पाहा,” भाचा म्हणाला. डोंगरामागून गर्जना झाली. मी ड्रॅगनची वाट पाहतो आहे, तर ढगांतून आले काय? लहान मुलांच्या गोष्टीतले ते निळे, हसऱ्या तोंडाचे थॉमस इंजिन! शिटी फुंकीत ते थेट आमच्या अंगावर आले. 2013 पासून हा मॉड जगभर गाजला आहे. नेमकी त्याच वेळी खऱ्या स्टेशनावरून मालगाडीने शिटी दिली, आणि ताईसुद्धा पदराआड हसू लागली.

पण हा सारा पोरखेळ आहे असे मात्र कोणी समजू नये. मॉड बसवणे हे लग्नाची पंगत मांडण्याइतके शिस्तीचे काम आहे. मूळ खेळ रीतसर विकत घ्यायचा आणि एकदा तसाच चालवून पाहायचा. अनेक मॉडांना एसकेएसई नावाची एक जोडणी लागते. ती खेळाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. म्हणून खेळाचे आपोआप होणारे नूतनीकरण आधी थांबवायचे. नाही तर एका रात्रीत कंपनी आवृत्ती बदलते आणि सकाळी जोडणी रुसून बसते. मग मॉड ऑर्गनायझर. त्याची करामत अशी, की तो खेळाच्या मूळ फायलींना हात लावत नाही. पोथीच्या पानावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर टिपा लिहाव्यात, तसा प्रत्येक मॉड वरच्यावर राहतो. नको झाला, की कागद उचलला!

खरी परीक्षा क्रमाची. दोन मॉडांनी एकाच गोष्टीला हात घातला, तर जो मागून येतो त्याचे चालते. एकाने वाड्याला दार लावले आणि दुसऱ्याने तिथेच भिंत घातली, तर बिचाऱ्या वीराने डोके आपटायचे. अशा वेळी दोघांत तडजोड करणारा तिसरा छोटा मॉड घालतात; त्याला पॅच म्हणतात. मला एकदम चांदुरापुढचा ‘रेल्वे’ आठवला. पॅच तो हाच! भाच्याचा नियम असा, की एका वेळी एकच मॉड घालायचा, चालवून पाहायचा आणि मग दुसरा. कुठे चित्राची फाईल हरवली, तर ती वस्तू भडक जांभळी दिसते. चालू डावातून मॉड मधेच काढायचा नाही, आणि डावाची प्रत आधी जपून ठेवायची.

भाऊजींचा मुख्य आक्षेप पैशाचा होता. तोही जगाने तपासून पाहिला आहे. एप्रिल 2015 मध्ये स्कायरिमचे मॉड विकत देण्याची टूम निघाली; करणाऱ्याच्या वाट्याला शेकडा 25. खेळणाऱ्यांनी असा कल्लोळ केला, की काही दिवसांतच ती योजना गुंडाळावी लागली. फुकट वाटलेल्यालाही कधी फळ येते. मेलबर्नच्या निक पिअर्स या वकिलाने ‘द फरगॉटन सिटी’ हा मॉड रचला. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या लेखकसंघाने त्याच्या लेखनाला पारितोषिक दिले, आणि 2021 मध्ये त्याचा स्वतंत्र खेळ झाला. पण सर्वांच्या नशिबी हे नसते. 2002 च्या मॉरोविंड या खेळात कंपनीने एकच बेट दाखवले होते. त्यापलीकडची भूमी ‘टॅमरिएल रिबिल्ट’ नावाची हौशी मंडळी वीस वर्षांहून अधिक काळ, एक छदामही न घेता, बांधत आली आहेत.

“आता माझा पाहा,” भाचा हळूच म्हणाला.

व्हाइटरन नगराबाहेर, बर्फाळ वाऱ्यात, एक धाब्याचे मातीचे घर उभे होते. पुढे ओसरी, ओसरीवर बंगई. ताईच्या सासऱ्यांचे जुने घर! ते पाडून त्या जागी हे स्लॅबचे घर झाले, तेव्हा भाचा शाळेत होता. आठवेल तसे त्याने ते पुन्हा उभारले होते. कंपनीनेच दिलेल्या क्रिएशन किटमध्ये भिंती रचल्या आणि ब्लेंडरमध्ये बंगई घडवली.

ताईने डोळ्यांना पदर लावला. भाऊजी मागे कधी येऊन उभे राहिले, कोणाला कळले नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बंगईले कड्या चार होत्या. तू दोनच लावल्या.”

“लावतो, बाबा.”

“अन् हालत काहून नाही?”

“हालवणं लय कठीण आहे, बाबा. शिकून रायलो.”

दोन शब्द सांगण्याचे माझे काम तिथेच संपले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरला गेलो. ते रुक्मिणीचे माहेर. इथून दर आषाढीला तिची पालखी पायी पंढरपूरला जाते. कृष्णाने तिला नेले ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, असे इकडचे लोक सांगतात. आणि भीमाने कीचकाला मारले ते वर चिखलदऱ्याला! वऱ्हाडाने एवढ्या मोठ्या महाभारतात आपली गावे नेऊन बसवली, ती कोणाला विचारून? कोणी दाम मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही. कथा मोठी होती, आवडती होती; म्हणून लोकांनी तिच्यात आपले घर बांधले आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कथा घरचीच समजून सांगितली.

हे मी भाऊजींना बोलून दाखवणार होतो. पण त्यांचे लक्ष नव्हते. नदीकडे पाहत ते मनाशीच काही मोजत होते. परतीच्या वाटेवर एकदम म्हणाले, “आमच्या लग्नाच्या अल्बमात जुन्या घराचा एक फोटो आहे. दाराची चौकट साफ दिसते त्यात. घरी गेलो का काढून देतो पोराले.”