कांद्याबटाट्याची स्पॅनिश

परकी भाषा शिकायची म्हणजे क्लास लावायलाच हवा, असं आपल्याला वाटतं. क्लासला पैसे पडतात, वेळ जातो; आणि घरचं, मुलांचं उरकून रात्री पुस्तक हातात घ्यावं तर डोळे मिटू लागतात. मी मात्र स्पॅनिश शिकले ती कांदे-बटाटे पिशव्यांत भरता भरता!

आम्ही राहतो अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. इथे आपली माणसं इतकी, की इंग्रजीवाचूनही दिवस निघतो. जवळच्या न्यू ब्रन्सविकमध्ये मात्र जिथे तिथे कानावर पडते ती स्पॅनिश. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली पुष्कळ कुटुंबं तिथे राहतात. मी बी. ए. झालेली, आठवड्यातले तीन दिवस शाळेत शिकवते. वर्गातली बरीच मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरची. त्यांच्या आयांशी दोन शब्द बोलता यावेत, म्हणून दर शनिवारी तिथल्या एका धान्यवाटप केंद्रावर मदतीला जाऊ लागले.

पहिलं काम मिळालं ते रांगेतले नंबर पुकारायचं. उनो, दोस, त्रेस... बायकाच माझे उच्चार सुधारायच्या. मग कळलं, बटाटा म्हणजे ‘पापा’, कांदा म्हणजे ‘सेबोया’, चिंच म्हणजे ‘तामारिंदो’. हा शब्द मुळात अरबी बरं का. अर्थ ‘हिंदचा खजूर’!

व्याकरणाची तर गंमतच. इंग्रजी बोलणाऱ्यांना जे अवघड जातं, ते आपल्याला घरचंच. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. इथे आपल्यासारखंच ‘मी’ नव्हे, ‘मला’. टेबलाखुर्चीलाही लिंग, आणि विशेषण त्याप्रमाणे बदलणार. मोठ्या माणसाला ‘उस्तेद’, जवळच्याला चक्क आपलाच ‘तू’!

आपल्याकडे अशा सगळ्यांनाच सरसकट ‘मेक्सिकन’ म्हणायची सवय आहे. पण कुणी इक्वेडोरचं असतं, कुणी डॉमिनिकन. पोर्तो रिकोचे लोक तर १९१७ सालापासून अमेरिकेचे नागरिकच आहेत. वाहाकाच्या काही बायकांची घरची बोली झापोटेक किंवा मिश्टेक. स्पॅनिश त्यासुद्धा मागाहून शिकलेल्या. हे समजलं आणि माझी भीडच चेपली.

एका शनिवारी साठीच्या एक बाई औषधाची बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा काळजीत. लेबलावर इंग्रजीत लिहिलं होतं, की गोळी रोज ‘वन्स’, म्हणजे एकदा घ्यावी. पण हीच अक्षरं स्पॅनिशमध्ये वाचली तर होतं ‘ओन्से’, आणि ओन्से म्हणजे अकरा! ‘ओन्से?’ त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. रक्तदाबाच्या अकरा गोळ्या! दर आठवड्याला मी अकरा नंबर पुकारत होते, म्हणून माझ्या लगेच ध्यानात आलं. मी एक बोट वर केलं, ‘उना वेस अल दिआ’, दिवसातून एकदाच. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या शहाण्या, म्हणून शंका आल्याबरोबर विचारायला आल्या. नाहीतर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. तशाच आम्ही दोघी औषधांच्या दुकानात गेलो आणि स्पॅनिश लेबल मागून घेतलं.

एक मात्र सांगून ठेवते. माझी स्पॅनिश ही कांद्याबटाट्याची. दुखण्याखुपण्याचं बोलणं तिच्या भरवशावर करायचं नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी दुभाष्याची सोय विनामूल्य करावी, असं अमेरिकेच्या २०१० सालच्या आरोग्य कायद्याच्या १५५७ व्या कलमाखाली येतं. हे ठाऊक नसल्यामुळे घरोघरची शाळकरी पोरं आईचं दुखणं डॉक्टरांना समजावत बसतात. म्हणून ‘इंतेरप्रेते’, म्हणजे दुभाषी, हा शब्द मी आधी पाठ केला, आणि भेटेल त्या बाईला दुभाषी मागायला सांगते.

तुमच्याही आसपास दुसऱ्या भाषेची वस्ती असेल, तर आधी आकडे शिका. मग हातातली वस्तू दाखवून विचारा, ‘याला काय म्हणतात?’ स्पॅनिशमध्ये म्हणायचं, ‘कोमो से दिसे?’ रांगेत मान खाली घालून उभी असलेली बाईसुद्धा हा प्रश्न ऐकून हसते आणि शिकवायला लागते. आता रांगेतल्या बायका मला ‘माएस्त्रा’, म्हणजे बाई, म्हणतात. पण खरं सांगू का, शनिवारी माएस्त्रा त्या असतात!