आबांची बंदूक

वडिलांच्या पश्चात घरातील ज्या वस्तूंना हात लावण्याचे धैर्य मला पुष्कळ दिवस झाले नाही, त्यांत त्यांची दुनळी बंदूक होती. भंडारदऱ्याच्या धरणाजवळ शेंडी गावी आमचे घर आहे. शिकारीला मुभा होती त्या काळी आबा याच रानांत हिंडत. एकदा त्यांनी मारलेले भेकर मी खांद्यावरून घरी आणले होते. त्याची ऊब अजून आठवते. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले, आणि बंदूक खुंटीवरून पेटीत गेली. आबांमागे परवाना मी माझ्या नावे करून घेतला. कशासाठी, हे मला सांगता आले नसते.

गेल्या हिवाळ्यात माझी भाची पुण्याहून आली. ती उडत्या तबकड्यांवर नेमबाजी शिकते. “मामा, परवाना झाला की आजोबांची बंदूक मला द्याल?” तिने विचारले. मला भरून आले. आबा कुणाच्या तरी खांद्याशी पुन्हा उभे राहणार होते!

नळ्या रिकाम्या असल्याची दोनदा खात्री करून तिने डोळे मिटले, दस्ता खांद्याला लावला आणि डोळे उघडले. नजर नळीच्या रेषेत आलीच नाही. आबा उंच, त्यांचा लांब दस्ता तिच्या काखेत अडकत होता. शिवाय तिचा डावा डोळा प्रबळ, म्हणून ती डाव्या खांद्यावरून नेम धरते. हा दस्ता तर उजव्या खांद्यासाठी वळवलेला.

मग ती समजावू लागली. ट्रॅप प्रकारात ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी नेमबाजापासून दूर, वर चढत जाते. दिशा आधी ठाऊक नसते. म्हणून दस्त्याचा माथा किंचित उंच आणि नळ्या तीस-बत्तीस इंची लांब असतात. त्या एकावर एक असल्याने नजरेला एकच अरुंद रेषा मिळते. साडेतीन किलोंहून अधिक वजनामुळे झोका स्थिर राहतो आणि शंभर बारांचा धक्का खांदा सोसतो. स्कीटमध्ये तबकड्या जवळून आडव्या जातात. तिथे छर्रे लवकर पसरतील अशी मोकळी नळी हवी. आबांची बंदूक हलकी होती. दिवसभर डोंगर चढून दोनच बार काढायचे, यासाठी ती घडवलेली. दोष तिचा नव्हता.

“बंदूक किमतीवरून वा नावावरून घेऊ नये, मामा. अंगाला बसते की नाही ते आधी पाहावे,” ती म्हणाली.

कैरो येथे १९६२ मध्ये कर्णीसिंहांनी आणि अथेन्सला २००४ मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी याच खेळाच्या प्रकारांत रौप्यपदके मिळविली, हे मला ठाऊक होते. पण तबकडी फुटल्यावर काय होते, हे मी तिला विचारले. “काही नाही. धूळ उडते,” ती उत्तरली. मला ते भेकर आठवले, आणि मन हलके झाले.

ती गेल्यावर मी बंदूक रीतसर जमा केली. आबांची काडतुसांची कातडी पिशवी मात्र तिने मागून नेली होती. तिचा पट्टा लहान करता येतो, डाव्या-उजव्या कोणत्याही खांद्याला ती बसते. वडिलांचे सर्वच आपल्या मुलांच्या अंगाला बसावे, हा माझा हट्ट होता. जे बसले, तेवढे तिने आनंदाने नेले.