भिंतीहि शिकवितात

गेल्या ऑक्टोबर महिन्यांत आमचा मुक्काम अमेरिकेंत, कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोंकास असलेल्या सॅन दिएगो शहरीं, चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं होता. आमची सून वास्तुशिल्पकार आहे. एका कचेरींत तिला चांगल्या पगाराची जागा होती. ती सोडून तिनें निराळाच क्रम आरंभिला आहे. आठवड्यांतील तीन दिवस वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यांना शिकवावें, शाळांच्या इमारतींचे नकाशे करून द्यावे, आणि उरल्या वेळांत मेंदूच्या शास्त्रावरील व्याख्यानें ऐकावीं! दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो, असें आपल्याकडे म्हणतात. येथें तर तिसरी डगर. आमच्या जुन्या मनाला हें रुचलें नाहीं, व तें आम्हीं बोलूनहि दाखविलें. ती इतकेंच म्हणाली, “बाबा, एक दिवस माझ्याबरोबर ला होयाला चला.”

ला होया हा सॅन दिएगो शहराचाच समुद्रकांठचा भाग. तेथें एका उंच कड्यावर साल्क संशोधन-मंदिर आहे. पोलिओची लस शोधून काढणारे डॉ. जोनास साल्क यांनीं तें स्थापिलें. ती लस गुणकारी असल्याचें १९५५ सालीं जाहीर झालें. त्यापूर्वीं कामाच्या शिणानें थकून ते इटलींत असिसी येथील जुन्या मठांत कांहीं काळ राहिले होते. त्या वास्तूच्या सहवासांत आपली बुद्धि मोकळी झाली, असें ते पुढें सांगत. म्हणून स्वतःची संस्था काढतांना त्यांनीं लुई कान या थोर वास्तुशिल्पकारास हाताशीं धरिलें, आणि १९६५ सालीं ही इमारत उभी राहिली. वाचकांस कान यांचें नांव अगदींच परकें वाटावयास नको. अहमदाबादची व्यवस्थापन-संस्था त्यांचीच कृति. आणि त्यांना तेथें आणण्यांत पुढाकार घेणारे बाळकृष्ण दोशी यांचा जन्म आपल्या पुण्याचा. तेथूनच परत जातांना १९७४ सालीं न्यूयॉर्कच्या रेल्वे-स्टेशनांत कान यांना मृत्यु आला.

आंत पाऊल ठेवतांच आम्ही थबकलों. दोहों बाजूंस काँक्रीटच्या इमारतींच्या ओळी, मध्यें फिकट दगडाचें विस्तीर्ण अंगण, आणि त्या अंगणाच्या मधोमध समुद्राच्या दिशेनें जाणारा पाण्याचा एकच बारीक पाट. झाड नाहीं, फूल नाहीं. कान यांच्या मनांत येथें बाग करावयाची होती; परंतु मेक्सिकोचे वास्तुशिल्पकार लुइस बारागान यांनीं अंगण मोकळेंच ठेवण्याचा सल्ला दिला. अंगणाकडील बाजूस संशोधकांच्या एकांताच्या खोल्या आहेत. त्यांच्या भिंती अशा तिरप्या काढल्या आहेत कीं, आंत बसलेल्यास समुद्र दिसावा. खिडक्यांना सागवानी लांकूड आहे. मागील बाजूस प्रयोगशाळा आहेत; त्यांत मध्यें एकहि खांब नाहीं, आणि नळ व तारा नेण्याकरितां दर मजल्यावर दुसरा एक पुरुषभर उंचीचा मजला राखिला आहे. दुरुस्ती वर चालली तरी खालचें काम अडत नाहीं.

एका दगडी बांकावर आम्ही टेकलों. सून सांगूं लागली. २००३ सालीं अमेरिकेंतील वास्तुशिल्पकारांचें अधिवेशन ह्याच शहरीं भरलें, आणि त्या निमित्तानें वास्तुशिल्प व मेंदूचें शास्त्र यांची सांगड घालणारी एक अकादमी येथें स्थापन झाली. पहिले अध्यक्ष जॉन एबरहार्ड हे व्यवसायानें वास्तुशिल्पकार. बफेलो येथील वास्तुविद्यालयाचे ते पहिले प्रमुख होते. उतारवयांत ते मेंदूच्या अभ्यासाकडे वळले, आणि २००८ सालीं त्यांनीं त्यावर ग्रंथ लिहिला. ह्या साल्क-मंदिरांतीलच फ्रेड गेज व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं दाखविलें होतें कीं, सोबती, चाकें व खेळणीं असलेल्या प्रशस्त पिंजऱ्यांत वाढलेल्या उंदरांच्या मेंदूंत, स्मरणाशीं संबंध असलेल्या भागांत, साध्या पिंजऱ्यांतील उंदरांपेक्षां नव्या पेशी अधिक टिकून राहतात. मनुष्याच्या बाबतींत पंडितांचा वाद अजून मिटलेला नाहीं, हेंहि तिनें प्रामाणिकपणें सांगितलें.

“उंदरांचें राहूं दे, मुलांचें काय?” आम्ही म्हणालों.

तेव्हां तिनें न्यूयॉर्कची एक हकीकत सांगितली. तेथें एका शाळेच्या एका बाजूस लागूनच उंच पुलावरून आगगाडी जात असे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं त्या बाजूच्या वर्गांतील आणि पलीकडील शांत बाजूच्या वर्गांतील मुलांचें वाचन ताडून पाहिलें. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत दिसून आलें कीं, सहावीस पोहोंचेपर्यंत गाडीकडील मुलें सुमारें एक वर्षानें मागें पडत होतीं. शाळा तीच, वस्ती तीच. भिंत तेवढी निराळी. पुढें रुळांखालीं रबराच्या गाद्या बसविल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारें अस्तर लाविलें. १९८१ सालच्या दुसऱ्या निबंधांत तो फरक नाहींसा झाला होता.

“पण शिक्षकांस हें कळलें कसें नाहीं?” आम्हीं विचारलें.

“बाबा, मोठ्या माणसाच्या कानीं शब्द तुटका आला, तरी त्याचा मेंदु भाषेच्या संवयीनें तो जुळवून घेतो. लहान मुलाच्या ठायीं ही शक्ति पुरती आलेली नसते. शिक्षकाला वर्ग ठीक ऐकूं येतो, म्हणून मुलालाहि येत असेल असें तो धरून चालतो.”

ह्यावर आम्ही कांहीं बोललों नाहीं. ज्या शाळेंत आमची बहुतेक नोकरी झाली, तिच्या “ब” तुकडीचा वर्ग रेल्वेच्या रुळांना लागून, पत्र्याच्या छपराखालीं भरत असे. एक मुलगा मागच्या बांकावर बसे. शब्दरूपें सांगावयास लाविलीं कीं तो हटकून म्हणे, “काय म्हणालांत, गुरुजी?” हें अवधान नसण्याचें लक्षण मानून आम्हीं त्याला किती वेळां बांकावर उभें केलें असेल, त्याची गणती नाहीं. संस्कृत त्याच्या बुद्धीचें नव्हे, असें आम्हीं त्याच्या वडिलांस तोंडावर सांगितलें. पुढच्या वर्षीं त्यानें तो विषय सोडला. ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणें ह्या धातूपासून झाला, हें तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. पण त्या वास्तूंत मुलें कशीं राहतात, हें पाहण्यास एकदांहि मागच्या बांकावर जाऊन बसलों नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर तो गृहस्थ रस्त्यांत भेटला. त्याचें किराणा मालाचें दुकान आहे. नेहमींप्रमाणें वांकून त्यानें नमस्कार केला. आम्हीं त्याला ही सारी हकीकत सांगितली, आणि चूक आमची होती असेंहि सांगितलें. तो ओशाळून म्हणाला, “गुरुजी, गाडी आली कीं मी तुमच्या ओठांकडे बघत असें. पण तुम्ही फळ्याकडे तोंड करून सांगत होतां.”

सूनबाईच्या तिसऱ्या डगरीविषयीं आतां आमची तक्रार उरलेली नाहीं. इमारत बांधणारा, मेंदु जाणणारा आणि मूल शिकविणारा हे तिघे आजवर एकमेकांच्या घरीं गेले नाहींत, त्याची किंमत मुलांनीं दिली. आम्हीं आमच्या जुन्या शाळेच्या चालकांस तो वर्ग बदलण्याविषयीं पत्र लिहिलें आहे. उत्तराची वाट पाहत आहों. वाचकहो, आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकांत “लक्ष देत नाहीं” असा शेरा आला, तर त्याला बोल लावण्यापूर्वीं एक करा. शाळा सुरू असतांना त्याच्या बांकावर जाऊन अर्धा तास बसा, आणि काय ऐकूं येतें तें पाहा.