काठी, दोरा आणि जिलेबीचा रंग!

अहो, सापडली! आमच्या घरातली गळती सापडली! मी प्लंबर नाही, पाना कसा धरतात तेही मला ठाऊक नाही, पण सापडली!

गच्चीवरची हजार लिटरची टाकी फार लवकर खाली व्हायची. भिंतीला ओल नाही, नळ टपकत नाही. मग पाणी जातं कुठं? परवा रात्री दहाला मोटार बंद, सगळे नळ बंद, टाकीत काठी उभी केली, ओल्या खुणेवर दोरा बांधला. झोप कसली येते! सकाळी सहाला पळत वर. पाणी तीन बोटं खाली! बादलीनं मोजून दोऱ्यापर्यंत भरलं, तर ५० लिटर! कुणी थेंब वापरला नव्हता!

आणि मग दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉक बंद ठेवला, तर सकाळी काठी बरोब्बर दोऱ्यापर्यंत ओली! म्हणजे टाकी धडधाकट, गळती घरात! आणि मग आई म्हणाली, "फ्लश बघितलास का रे?" आणि मग मी फ्लशच्या टाकीत जिलेबीचा केशरी रंग टाकला आणि वीस मिनिटं फ्लश न ओढता भांड्याकडं बघत बसलो आणि मग... केशरी! पांढऱ्याशुभ्र भांड्यावरून दोऱ्याएवढी केशरी रेघ! आवाज नाही, टपटप नाही, नुसती रेघ! तळाचं रबर कडक होऊन वाकलं होतं. एवढंसं रबर! नवीन बसवलं, पुन्हा रंग टाकला. भांडं पांढरंच!

आता हिशेब बघा. आठ तासांत ५०, म्हणजे दिवसाला १५०. दहा हंडे! वर्षाला ५४,७५० लिटर! आणि मग मला २०१६ ची पाण्याची रेल्वे आठवली. मिरजेहून आपल्या शेजारच्या लातूरला पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. एका वाघिणीत ५० हजार! म्हणजे गंगाखेडात, ऐन गोदाकाठी, आमचं एक रबर वर्षाला वाघीणभर पाणी गुपचूप सोडत होतं!

आज रात्री शेजारच्या काकूंच्या टाकीत काठी लावतोय. तुम्हीही लावाच! दोरा घट्ट बांधा, आणि सकाळी चहाच्या आधी गच्चीवर!