तंजावर ‘आपले’ आहे का? एका पाहुण्याचा धागा

१/१५
काही वर्षांपूर्वी याच खात्यावरून मी तंजावरविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. ‘दूर दक्षिणेत पावणेदोनशे वर्षे आपले राज्य होते, तेथील सांबारसुद्धा संभाजी महाराजांच्या नावावरून आले’, असा त्यांचा आशय होता. मजकूर बराच फिरला. त्याखाली एका तमिळ वाचकाने अत्यंत सभ्यपणे विचारले होते, ‘आपण आमचे गाव पाहिले आहे का?’ मी उत्तर दिले नाही, कारण पाहिले नव्हते. गेल्या हिवाळ्यात जाऊन आलो. हा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे आणि जुन्या मजकुराची दुरुस्तीही.

२/१५
मी मनमाडचा. अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी वाढलेल्या या गावाला बाहेरचे लोक जंक्शन म्हणून ओळखतात. येथे उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाडी बदलायची असते, किंवा शिर्डीचा रस्ता धरायचा असतो. ‘मनमाड पाहिले आहे’ असे कोणी म्हणाले की त्याने केवळ फलाट पाहिला आहे, हे आम्ही मनात समजून घेतो. मी स्वतः तंजावरच्या बाबतीत तेच केले होते. म्हणून दिल्लीहून येणारी कर्नाटक एक्सप्रेस मनमाडला धरली, बंगळूरुला गाडी बदलली आणि एका सकाळी कावेरीच्या खोऱ्यातील भातखाचरे पाहत तंजावरला उतरलो.

३/१५
प्रथम थोडी पूर्वपीठिका. मराठे तंजावरला आले ते स्वराज्याच्या मोहिमेतून नव्हे. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पाडाव केला. पराभूत घराण्याच्या वारसाने विजापूरकडे दाद मागितली आणि आदिलशाहीने आपला सरदार पाठवला. हे सरदार म्हणजे शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, अर्थात एकोजी. त्यांनी त्या वारसाला गादीवर बसवले आणि अल्पावधीतच, १६७६ च्या सुमारास, सत्ता स्वतःच्या हाती घेतली. म्हणजे ज्याला मी ‘आपले राज्य’ म्हणालो होतो, त्याचा आरंभ विजापूरच्या चाकरीत झाला होता.

४/१५
पुढल्याच वर्षी, १६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयावर निघालेले शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमलवाडी येथे आले आणि दोघा भावांची भेट झाली. शहाजीराजांच्या दौलतीत अर्धा वाटा मिळावा, अशी महाराजांची मागणी होती. बोलणी फिसकटली, व्यंकोजीराजे एका रात्री नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. नंतर लढाई झाली, तहही झाला आणि तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. एका घरातील दोन भावांची दोन राज्ये, दोन वाटा. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग आपण दोन ओळींत संपवतो, आणि नदीपलीकडच्या शाखेचे पुढे काय झाले हे विचारायचे राहून जाते.

५/१५
शहरात आल्यावर पाहुणा प्रथम बृहदीश्वराकडेच जातो. पहिल्या राजराज चोळाने बांधलेले हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण झाले. शिखराची उंची सुमारे २०० फूट. परंतु मान वर करून झाल्यावर ती खालीही करावी. मंदिराच्या अधिष्ठानावर तमिळ लेखांच्या रांगा आहेत. त्यांत दाने आहेत, दागिन्यांची वजने आहेत, आणि मंदिराच्या सेवेसाठी निरनिराळ्या गावांहून आणलेल्या सुमारे ४०० नर्तकींची नावेही आहेत. कोणती स्त्री कोठून आली आणि कोणत्या घरात राहिली, हे हजार वर्षांपूर्वी दगडात नोंदवले गेले. सम्राटाच्या मंदिरात इतकी सामान्य माणसे नावानिशी उभी असतील, अशी माझी कल्पना नव्हती.

६/१५
या तमिळ अक्षरांपुढे मी निरक्षर होतो. नंतर प्राकाराच्या नैऋत्येकडील भिंतीपाशी गेलो आणि अकस्मात देवनागरी दिसली. भाषा मराठी! हाच तो प्रसिद्ध ‘भोसले वंशचरित्रा’चा शिलालेख. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने त्यांचे चिटणीस बाबूराय यांनी भोसले कुळाचा इतिहास रचला आणि तो १८०३ मध्ये येथे कोरला गेला. भारतातील सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. घरापासून इतक्या दूर आपली लिपी पाहून माझा ऊर भरून आला, हे लपवत नाही. मोबाइल काढला, छायाचित्र घेतले, त्याखाली लिहायचे वाक्यही मनात तयार झाले: ‘पाहा, आपण येथवर पोहोचलो होतो.’

७/१५
ते वाक्य मी टाकले नाही, याचे कारण १८०३ हे साल. त्याआधी चारच वर्षे, १७९९ मध्ये, सरफोजीराजांना कंपनीशी तह करावा लागला होता. राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, त्याचा लगतचा परिसर, ठरावीक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. शिवाय ते दत्तकपुत्र. तुळजाराजांनी १७८७ मध्ये घेतलेले ते दत्तकविधान आधी अमान्य ठरले, मग मान्य झाले आणि १७९८ मध्ये त्यांना गादी मिळाली. म्हणजे मी ज्या लेखात विजयाचा उद्घोष वाचत होतो, तो राज्य गमावलेल्या राजाने लिहवून घेतला होता. आपण कोण, कोणाचे वंशज, हे कागदावर टिकेल याची खात्री उरली नाही, म्हणून त्यांनी दगड निवडला असावा. हे माझे अनुमान आहे. परंतु सालांचा क्रम त्याच्या बाजूने आहे.

८/१५
येथे तरुण अभ्यासकांसाठी एक सावधगिरी. हा लेख राजाने स्वतःच्या कुळाविषयी लिहवलेला आहे. त्यामुळे जुन्या घटनांसाठी तो एकटा पुरावा म्हणून पुरेसा नाही. १८०३ मध्ये हे घराणे स्वतःकडे कसे पाहत होते, हे सांगणारा साक्षीदार म्हणून मात्र तो अमोल आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरफोजीराजांनी नवे मंदिर बांधून त्यावर आपले नाव घातले नाही. चोळांनी उभारलेल्या आणि नायकांनीही जोपासलेल्या देवालयातच त्यांनी आपल्या कुळाची जागा मागितली. या शहरात स्थान हवे असेल तर ते बृहदीश्वराच्या साक्षीनेच मिळेल, हे त्यांना उमगले होते.

९/१५
दुपारी राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. मूळ संग्रह नायकांच्या काळचा. सरफोजीराजांनी तो अफाट वाढवला. १८२० मध्ये ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले. त्यांनी उत्तरेतून ग्रंथ मिळवले, पंडितांकडून नकला करून घेतल्या. आज तेथे ४०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी. १९१८ पासून ते सर्वांसाठी खुले आहे. सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात देवनागरीचा छापखाना चालवला आणि इसापनीती मराठीत आणली. त्यांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवल्या जात. त्यांना लहानपणी शिकवणारे श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी होते. राज्याविना राहिलेल्या राजाने आपला वेळ असा घालवला.

१०/१५
या वास्तूतच माझी खरी फजिती झाली. काचेखाली एक मोडी कागद होता. मी ऐटीने वाकलो आणि मला एक ओळही लागेना. शेजारच्या एका तमिळ तरुणाने त्यातील दोन शब्द बोटाने दाखवून वाचले. तो इतिहासाचा विद्यार्थी होता. त्याच्या अभ्यासासाठी तो मोडी शिकत होता. तंजावरच्या मराठा दरबाराच्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तेथील तमिळ विद्यापीठाने खंडशः प्रसिद्ध केले आहे, हेही त्यानेच सांगितले. म्हणजे ‘आपल्या’ राज्याचे दप्तर आज तमिळमधून वाचता येते, आणि मनमाडच्या मला ते मराठीतून वाचता येत नाही. ‘आपले’ हा शब्द त्या क्षणी माझ्या तोंडात जड झाला.

११/१५
मग मी उलट बाजूने शोध घेऊ लागलो: तंजावरने मराठ्यांना काय बनवले? व्यंकोजीपुत्र शहाजीराजे (राज्यकाळ १६८४–१७१२) तेलुगूत रचना करीत आणि मराठीत नाटकेही लिहीत. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांच्या नावावरील नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगाहून जवळपास दीडशे वर्षे जुने आहे. सरफोजीराजांच्या दरबारात भरतनाट्याला आजचे रूप देणारे चौघे तंजावर बंधू होते. उलट दिशेने मराठी कीर्तन तमिळ हरिकथेत शिरले. आजही तेथील हरिकथेत साकी आणि दिंडी या आपल्या चालींना स्थान आहे. श्रोते तमिळ, कथा तमिळ आणि मध्येच साकी! देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू होती.

१२/१५
आता दुरुस्ती. सांबाराची कथा अशी सांगतात: तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून डाळीत चिंच घातली गेली, आणि त्या वेळी पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांचे नाव त्या पदार्थाला मिळाले. कथा रुचकर आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. संभाजी महाराज तंजावरला पाहुणे म्हणून गेल्याची नोंदही मला कोठे आढळली नाही. तंजावरच्या दरबाराने पाककृतींचे हस्तलिखित मागे ठेवले आहे. स्वयंपाकघराचा इतिहास लिहायचा तर तेथून सुरुवात करावी. माझ्या जुन्या मजकुरातील ते वाक्य मी मागे घेतो. ज्यांनी ते पुढे पाठवले, त्यांनी ही दुरुस्तीही पाठवावी, ही विनंती.

१३/१५
निघण्याच्या आदल्या सायंकाळी, राजवाड्यामागच्या गल्लीत, एका घराच्या ओट्यावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझे फोनवरचे मराठी ऐकून हाक मारली. ‘आपण कोठून आलात?’ त्यांच्या मराठीला तमिळचा ठेका होता आणि काही शब्द माझ्या आजीच्या तोंडचे होते. मनमाड म्हणताच ते हसले. ‘शिर्डीला जाताना उतरलो होतो. फलाटावर चहा घेतला.’ मीही हसलो. ‘काका, तुमचे मूळ गाव कोणते?’ असे विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला. ‘मूळ गाव विचाराल तर ते घरात कोणाला ठाऊक नाही. आमचे गाव हेच.’ मग आत वळून त्यांनी सुनेला तमिळमध्ये कॉफी आणायला सांगितले. माझ्या मनातील ‘आपण’मध्ये त्यांना ओढून घ्यायला मी गेलो होतो, त्यांनी मला पाहुण्याची खुर्ची दिली.

१४/१५
या कथेचा एक धागा आमच्या जिल्ह्यातही येतो. १८५५ मध्ये सरफोजीराजांचे पुत्र शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि कंपनीने राजपद व संपत्ती ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दिलेला लढा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये हरला. पुढे १८७५ मध्ये मनमाडशेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाण्याचा १२ वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांच्या बालवयात बडोद्याचा कारभार पाहिला तो दिवाण सर टी. माधवराव यांनी. ते कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी. १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह झाला तो तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी. त्यांच्यासोबत तंजावरचे नृत्यही बडोद्यात आले. नाशिक आणि तंजावर अशी बडोद्यात एका घरात नांदली.

१५/१५
तर, तंजावर आपले आहे का? माझे आजचे उत्तर असे: तंजावर तंजावरकरांचे आहे, आणि त्या तंजावरकरांत सुमारे साडेतीनशे वर्षांपासून थोडे मराठी बोलणारेही आहेत. आपला त्याच्याशी संबंध आहे, आणि तो अभ्यासाने राखावा लागतो. तुम्ही जाल तेव्हा मराठी शिलालेखाआधी अधिष्ठानावरील त्या ४०० स्त्रियांच्या नावांपाशी थांबा. जाण्यापूर्वी मोडीची अक्षरे गिरवा. मी आता रोज एक पान गिरवतो आहे, अजून ‘श्री’च्या पुढे फारसा गेलेलो नाही. आणि त्या तमिळ वाचकाला मी आज लिहिले आहे: ‘होय, आता पाहिले. आपण मनमाडला उतरलात तर फलाटाबाहेर या. अंकाई दाखवतो.’ धागा येथे संपवतो.